पाणपालींचं पाणी

पाल अंगावर पडली तर माणूस डोक्यावरून अंघोळ करतो, आणि संतरामच्या पोरानं पाली पाळल्या होत्या. त्याही घरात, देवघराला लागून असलेल्या खोलीत, काचेच्या पेटीत, पाण्यात. असली गोष्ट गावात पसरायला कितीसा वेळ लागतो? आखाडा बाळापूरच्या बाजारात भेटलेला पाहुणासुद्धा संतरामला बाजूला घेऊन विचारायचा, "काय हो, तुमच्याकडं म्हणं पालीला महाल बांधलाय?" संतराम हसल्यासारखं करायचा. घरी येईपर्यंत मात्र त्याचं डोकं तापलेलं असायचं.

त्या पाली नव्हत्या, हे बालाजीनं बापाला कितीदा तरी सांगितलं होतं. बेडकाच्या भाऊबंदांतले ते जीव, थंड मुलखातले. पाठ काळी, पोट शेंदरी, आणि लहान लेकराच्या हातासारखे चिमुकले पंजे. त्यांना न्यूट म्हणतात, पण तो शब्द घरात कुणाच्या तोंडी बसला नाही. सखुबाईनं त्यांचं नाव पाणपाली पाडलं आणि तेच राहिलं.

बालाजी नांदेडला मासे विकणाऱ्या एका दुकानात कामाला होता. वकिलांच्या, डॉक्टरांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेट्या बसवायच्या, त्यात जिवंत झाडं लावायची, नेमानं जाऊन त्या साफ करायच्या, हे त्याचं काम. एका गिऱ्हाइकाची दूर बदली झाली, त्यानं या तीन पाणपाली मागं टाकल्या, त्या बालाजीनं उचलल्या. पुढं त्याची मूत्रपिंडं गेली. आई-बापाचं मूत्रपिंड त्याला जुळलं नाही. मग आठवड्यातून दोनदा नांदेडला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि उरलेले दिवस घरी पडून राहायचं, असं त्याचं आयुष्य झालं. गावी परत येताना टेम्पोत त्याची एक पेटी कपड्यांची होती आणि एक ही काचेची. कपड्यांची पेटी त्यानं दुसऱ्याला उचलू दिली.

डॉक्टरनं त्याला पाणी मोजून दिलं होतं. दिवसाला एक छोटी बाटली, तीही औषधांसकट. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धडधाकट माणूस माठाजवळून हलत नाही, आणि हे पोरगं सुकलेल्या ओठांनी दिवसभर त्या पाण्याच्या पेटीसमोर बसायचं. संतरामला ते बघवत नसे. एकदा न राहवून त्यानं विचारलं, "काहून बसतोस तिच्यासमोर? तहान लागत न्हाई का बघून?"

"लागती की," बालाजी म्हणाला. "पण बघूनच जरा भागतीबी, आबा."

बाप उठून गोठ्यात गेला.

पेटीचं सगळं करायची सखुबाई. बालाजीच्या हातात सुयांनी गाठी धरल्या होत्या, बादली उचलायला त्याला मनाई होती. तो पलंगावरून सांगायचा आणि माय करायची. शेजारच्या घरात मटण शिजलं तर नाकाला पदर लावणारी ही बाई मोरीच्या ओल्या मातीतून गांडुळं उकरायची, धुवायची, जुन्या ब्लेडनं त्यांचे तुकडे करायची आणि चिमट्यानं एकेकीला भरवायची. पहिले काही दिवस तिला जेवण गेलं नाही. नंतर ती त्यांच्याशी बोलायला लागली. कोणती हावरट, कोणती लाजरी, हे तिला पाठ झालं.

साफ करायची बालाजीची रीत मात्र तिच्या साऱ्या जन्माच्या रीतीच्या उलटी होती. सगळं पाणी कधी बदलायचं नाही, पाव हिस्सा काढायचा. नवं पाणी नळाचं थेट घालायचं नाही, त्यात औषध असतं. बादलीत दिवसभर उघडं ठेवून मग घालायचं. काचेला साबण नाही, राख नाही. दगडावर दोऱ्यानं बांधलेलं हिरवं शेवाळ खरवडायचं नाही, ते मुद्दाम लावलेलं आहे. आणि हवेच्या पंपावर चालणारा तो काळा स्पंज घाण झाला तर पेटीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बास.

"आरं, घाण पाण्यात धुतल्यावर ते साफ कसं व्हईल?" सखुबाईनं विचारलं होतं.

"साफ करायचंच न्हाई, माय. त्या घाणीतच बारीक जीव असतात, दिसत न्हाईत. ते ह्यांची घाण खातात. स्पंज चकाचक केलास तर तेच मरतील, मग ह्या वाचायच्या न्हाईत."

सखुबाईला हे पटलं नव्हतं, पण पोरगं म्हणतं म्हणून तिनं ते बराबर पाळलं. संतराम दारातून ऐकायचा आणि मान हलवायचा. उन्हाळ्यात वीज गेली की पेटीत सोडायला बर्फाच्या बाटल्या लागत, त्या बाळापूरच्या थंड पेयाच्या दुकानातून पोत्यात गुंडाळून तोच आणायचा. आणायचा, पण धुसफुसत. एवढी तकलीफ तर आपल्या बापासाठीसुद्धा काढली नाही, असं येता-जाता बोलून दाखवायचा.

आणि एकदा त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं. पावसाळ्यात बालाजी नांदेडहून मशीनवरून आला तो पार गळून गेला होता, पायऱ्या चढेनात. त्याला धरून आत आणताना काचेमागं त्या तिघी निवांत बसलेल्या दिसल्या आणि संतराम म्हणाला, "ह्या पालींनीच खाल्लं तुला. घरात आल्या आन् तुला लागलं." खरं तर आजार आधीचा होता, हे त्यालाही ठाऊक होतं. पण गाव जे म्हणत होतं ते कधीतरी तोंडून बाहेर पडणारच होतं. बालाजी भांडला नाही. पलंगावर टेकल्यावर एवढंच म्हणाला, "त्यांचं काय जातंय, आबा. त्या बिचाऱ्या पाण्यात हायेत." तो कधीच भांडायचा नाही. लहानपणी कशावरून रुसला तरी बापानं एकदा हाक मारली की ताटावर येऊन बसायचा.

संक्रांतीनंतरच्या थंडीत बालाजी गेला. मशीनवरच त्याचं हृदय बंद पडलं. त्याला आणलं, नेलं, आणि घरात माणसांची गर्दी झाली. त्या गर्दीतही सखुबाई एकदा मोरीजवळ माती उकरताना बायकांना दिसली. दुःखानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्या एकमेकींना म्हणाल्या.

दहाव्याला माणसं कयाधूवर गेली. न्हाव्यानं डोकी केली. अंघोळी झाल्या. पिंड दगडावर ठेवला आणि सगळे मागं सरून उभे राहिले. नदीकाठच्या बाभळीवर कावळे होते, चांगले आठ-दहा. एकही खाली उतरेना.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. मग ऊन चढायला लागलं तशी कुजबुज सुरू झाली. जळबा म्हणून भावकीतला म्हातारा होता, गावातला कोणताही दहावा त्याच्याशिवाय व्हायचा नाही. तो म्हणाला, "लेकरू तहानलेलं गेलंय. पाणी ठेवा." लगेच कुणीतरी तांब्या भरून पिंडाजवळ ठेवला. संतराम म्हणाला, "पी बाबा, आता पोटभर पी, कुणी मोजणार न्हाई." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो चारचौघांत रडला. कावळे जागचे हलले नाहीत.

"तुझ्या मायला सांभाळू," चुलता म्हणाला. "तुझं वर्षश्राद्ध चुकवणार न्हाई," दुसरा म्हणाला. जळबानं कंटाळून दर्भाचा कावळा करायला घेतला. दर्भाचा कावळा शिववायचा म्हणजे पोराची इच्छा काय होती हे घरच्यांनाच कळलं नाही, असं चारचौघांत कबूल करायचं. संतरामला ती इच्छा माहीत होती. पहिल्यापासून माहीत होती. लाजेनं ती त्याच्या ओठावर येत नव्हती, एवढंच.

तो पुढं गेला, गुडघ्यावर बसला आणि लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "बालाजी, तुझ्या पाणपाली मी सांभाळतो. तू सांगितलं तसं सांभाळतो. मी बोललो ते मनावर घिऊ नगंस."

तो उठून वळला, तोच मागं पंख वाजले. कावळा शिवला होता. माणसांनी हात जोडले. जळबाच्या डोळ्यांतही पाणी आलं. संतरामला वाटलं, पोरगं हाकेला आलं. लहानपणी यायचं तसंच आलं.

घराकडं येताना त्याची पावलं कधी नव्हे ती हलकी पडत होती. पोर गेल्यावर करायला काहीतरी उरलं आहे, ही गोष्ट केवढी मोठी असते, ते ज्याचं गेलं त्यालाच कळतं. सखूला सांगायचं, आजपासून बादली मी उचलणार. गांडुळं मी आणणार. बर्फ तर मी आणतच होतो.

घर धुऊन निघालं होतं. उंबऱ्यापासून परसापर्यंत फरशी ओली, गोमूत्राचा वास, दोरीवर वाकळांची रांग, जुने माठ फुटून उकिरड्यावर पडलेले. दहाव्याला सुतकातलं घर असंच धुतात. घरात साठलेलं पाणी थेंब न ठेवता ओतून देतात. नदीवर गेलेल्या माणसांच्या मागं बायकांनी हे सगळं उरकलं होतं, आणि संतरामची थोरली बहीण, आशाबाई, त्यात सगळ्यांच्या पुढं होती. भाचा तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला.

संतराम सरळ आतल्या खोलीत गेला. काचेची पेटी लखलखत होती.

पाणी असं निवळशंख, की पेटी रिकामी आहे असं वाटावं. काच राखेनं घासलेली. तळाचे खडे पांढरे दिसत होते, ते उकळून घेतले होते. दगडावरचं शेवाळ खरवडून दगड धुण्याच्या दगडासारखा गुळगुळीत केला होता. पाणगवत मुळापासून चोळून, धुऊन, पुन्हा खड्यांत रोवलं होतं. आणि काळा स्पंज. त्याला साबणाचा वास येत होता. तिन्ही पाणपाली एका कोपऱ्यात, एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या होत्या.

"मी सोत्ता केलं," आशाबाई मागून म्हणाली. तिचे हात राखेनं भेगाळले होते. "अंगावर काटा येत व्हता रं बापू, पण पळीनं एकेक धरून तांब्यात काढल्या. म्हणलं, माझ्या बालाजीचा जीव हाय ह्यांच्यात. किती घाण झाली व्हती, बोटभर शेवाळ. आज नळ आला व्हता, ताजं पाणी भरलं."

जी बाई घरात पाल दिसली तर अंगणात झोपायची, तिनं हातानं हे केलं होतं. तिला काय बोलायचं? त्यानं सखुबाईकडं बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"तू व्हतीस ना हितं?" तो म्हणाला.

"व्हते."

"मग सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं." सखुबाई खाली बघत होती. "पण आक्का म्हणाल्या, घरातलं पाणी ठिवलं तर जीव त्याच्याभवतीच घुटमळतो. आन् आपलं लेकरू तर तहानलेलं गेलं. म्हणलं, बसायचं हितंच, ह्या पाण्यापाशी, पिता बी येणार न्हाई आन् जाता बी येणार न्हाई. माझं मन भ्यालं वं. म्हणलं, ओता."

आता कुणाला बोल लावायचा? नदीवर बाप पोराला मोकळं करत होता आणि घरी मायही त्याला मोकळंच करत होती. संतराम तिथंच, ओल्या फरशीवर बसला. नदीवर आपण काय कबूल करून आलो, हे त्यानं त्या वेळी तिला सांगितलं नाही.

दोन-तीन दिवस त्या बऱ्या होत्या. मग त्यांनी खाणं सोडलं. जी हावरट होती ती गांडुळाच्या तुकड्याकडं बघेना. तिघी सारख्या वर, दगडाच्या उघड्या टोकावर चढून बसायला लागल्या, पाणीच नको म्हणत. संतरामनं बालाजीच्या मोबाइलवरून नांदेडच्या दुकानात फोन लावला. तिथला दीपक बालाजीच्या बरोबरीनं काम केलेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काका, स्पंजातले जीव मेले. आता त्यांची घाण खायला कुणी राहिलं न्हाई. त्यांचीच घाण पाण्यातून त्यांच्या अंगात चढून राहिली."

संतरामनं फोन कानापासून बाजूला धरला. हेच, जवळजवळ याच शब्दांत, बालाजीच्या डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्याचीच घाण त्याच्या रक्तात चढते आहे, ती बाहेर काढणारं शरीरात कुणी उरलं नाही. तेव्हाही तो असाच उभा होता. एकाच घरात एकच दुखणं दुसऱ्यांदा शिरलं होतं, आणि या वेळी त्याला दार घरच्यांनीच उघडलं होतं.

"मग काय करू, सांग."

"रोज पाव पाणी बदला, ठिवलेलं. आन् माझ्याकडं या. माझ्या पेटीतला जुना स्पंज देतो, घाणीसकट. लागला तर लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच संतराम नांदेडला गेला. दीपकनं आपल्या पेटीतला काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज पाण्यासकट स्टीलच्या डब्यात घालून दिला. सुकला तर त्यातले जीव मरतील, ऊन लागलं तर मरतील, असं दोनदा बजावलं. परतीच्या एसटीत संतरामनं तो डबा मांडीवर धरला आणि वरून ओला रुमाल टाकला. शेजारी औंढ्याला निघालेली म्हातारी होती. डब्याला एवढं जपताना बघून तिनं विचारलं, "परसाद हाय का?"

"न्हाई," संतराम म्हणाला. "पोराचं औषध हाय."

"काय झालं पोराला?"

"आता बरं हाय त्याला," तो म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला.

घरी आला तेव्हा एक गेली होती. सखुबाईनं तिला परसातल्या लिंबाखाली पुरलं होतं. संतरामनं नवा स्पंज पेटीत लावला, त्यातून काळं पाणी सुटलं आणि ती लखलखीत पेटी गढूळ झाली. दोघं नवरा-बायको त्या गढूळपणाकडं आशेनं बघत बसले. उभ्या जन्मात त्यांनी घाण व्हावी म्हणून कधी वाट बघितली नव्हती.

मग रोज सकाळी बादली, रोज पाव पाणी. संतराम ठेवलेल्या बादलीत हात बुडवून पाण्याचा गारवा बघायचा, गांडूळ चिमट्यात धरून तास तास बसायचा. "खा गं माय," म्हणायचा. ज्यांच्यामुळं गावात मान खाली गेली असं त्याला वाटायचं, त्यांच्यापुढं त्यानं मान खाली घातली. दुसरी त्याच आठवड्यात गेली. तिसरी, ती लाजरी, बरेच दिवस राहिली. एकदा तिनं तुकडा तोंडात धरलाही. सखुबाईनं ते शेजारी जाऊन सांगितलं. पण तिच्या शेंदरी पोटावर पांढरे डाग आले होते, ते पसरत गेले, आणि एका सकाळी ती पाणगवतात उताणी तरंगताना दिसली. पाणगवताला त्याच सुमारास नवी पाती फुटली होती. संतरामला ती उपटून टाकावीशी वाटली, पण त्यानं तसं केलं नाही.

लिंबाखाली माती लोटताना त्यानं बायकोला नदीवरचं सांगितलं. काय कबूल केलं, आणि लगेच कावळा कसा शिवला, ते सगळं. सखुबाईनं ऐकलं. हातातली माती तशीच धरून ती म्हणाली, "म्हणजे तुमी तिकडं शबूद दिऊन राहिलता, तवा आमी हिकडं पाणी ओतून राहिलतो."

"व्हय."

"त्याला ठावं असंल का?"

संतरामनं उरलेली माती लोटली आणि वरून हातानं दाबली.

महिना भरला. महिन्याचं पान वाढलं, त्यातला घास कावळ्याला ठेवायचा होता. संतराम ताटली घेऊन गच्चीवर गेला. आज कावळा येणार नाही, हे तो मनात धरूनच चढला होता. कसा येईल? शब्द मोडला होता. येऊ नये, अशीच त्याची तयारी होती, आणि काय बोलायचं ते त्यानं रात्रभर जुळवलं होतं. चुकलं म्हणायचं. तुझ्या मायवर राग धरू नको म्हणायचं. दीपककडून दुसऱ्या आणतो म्हणायचं, लागेल तेवढा वेळ इथं उन्हात बसतो म्हणायचं. आणि खरं सांगायचं तर, आत कुठंतरी त्याला त्या बसण्याची ओढच लागली होती. पोराशी एवढं बोलायचं राहिलं होतं.

त्यानं घास कठड्यावर ठेवला. हात मागं घेतो न घेतो तोच कावळा आला, घास उचलला आणि उडून गेला.

"आला का?" खालून सखुबाईनं विचारलं.

"आला."

"लौकर आला." तिच्या आवाजात सुटल्याचा भाव होता. "रुसलं न्हाई म्हणजे लेकरू."

"न्हाई," संतराम म्हणाला.

रिकाम्या कठड्यावर हात ठेवून तो उभा राहिला. पोरानं या वेळी काही मागितलं नव्हतं. रुसलं असतं तर समजूत घालत आणखी थोडा वेळ त्याच्यापाशी बसता आलं असतं.